ती घाण माझी नव्हती

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवीण आहे. माझे गुडघे आता नीट वाकत नाहीत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. म्हातारपणी माणूस शांत होतो म्हणतात. मी माणूस नाही.

ग्रीसमधल्या एका लहानशा बेटावर माझा जन्म झाला. गाव डोंगराला चिकटलेले. बंदरापासून वरच्या देवळापर्यंत नुसत्या पायऱ्या. जे काही वर न्यायचे ते आमच्या पाठीवरून जाते आणि जे खाली आणायचे तेही. तरुणपणी मी चांगली ओझी वाहिली. ऑलिव्हची पोती, चुन्याच्या गोण्या, पाण्याचे डबे, आणि एकदा तर एक नवरीसुद्धा. तेव्हा माझ्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ असे आणि लोक माझ्या मानेवर थोपटून जात.

त्या काळी घरोघरी कचरा होत नव्हता असे नाही. पण तो वाहायला गाढव लागत नसे. टरबुजाच्या साली कोंबड्यांना, माशांची डोकी मांजरांना, चुलीतली राख लिंबाच्या आळ्यात. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात तुळशीचे रोप लागे. वाइनची बाटली पिंपापाशी जाई आणि भरून परत येई. घरामागे फेकायला उरतच काय होते? फुटकी बशी, फाटकी चप्पल.

मग उन्हाळी पाहुणे येऊ लागले. प्रत्येक घराने एक खोली भाड्याने दिली, मग दोन. पाण्याच्या बाटल्या आल्या, प्लास्टिकचे पातळ पेले आले, एकेका लिंबाला एकेक पिशवी आली. पाहुणे हिवाळ्यात निघून गेले, पण सवय इथेच राहिली. गावकऱ्यांनी कोंबड्या विकल्या. साली, काचा, बाटल्या, उष्टे, सगळे एका काळ्या पिशवीत कोंबायचे, गाठ मारायची आणि दारात ठेवायचे. बस, संपले त्यांचे काम. तिथून माझे सुरू होई.

माझी मालकीण आर्गिरो. बुटकी, काळ्या कपड्यांतली, तोंडाने फटकळ. तिचा नवरा वारला आणि गावाचा कचरा उचलण्याचे त्याचे काम तिच्याकडे आले. त्या दिवसापासून माझ्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत ऑलिव्ह गेले आणि काळ्या पिशव्या आल्या. उन्हात त्या फुगत. त्यांचे पाणी माझ्या पोटावरून ओघळे, कातडी सोलवटून जाई, माश्या बसत. एकदा पिशवीतून काच बाहेर आली आणि माझी बरगडी चिरली गेली. तो व्रण अजून आहे.

आणि लोक काय करत? नाक धरत.

“अगं बाई, आली ती घाण! खिडकी लाव, खिडकी लाव!”

“लाव की!” आर्गिरो खालून ओरडे. “तुझ्याच घरची आहे. स्वतःचा वास ओळखू येईना होय तुला?”

ती घाण माझी नव्हती, मित्रांनो. मी गवत खाते आणि माझे शेण शेतात जाते. मी आयुष्यात कुणाला काही फेकून मारलेले नाही, फार तर एखादी लाथ.

हा सगळा माल आम्ही देवळामागच्या घळीत ओतत असू. अधूनमधून कुणीतरी तो पेटवून देई. काळा धूर पुन्हा गावावरच येई, मग पुन्हा खिडक्या लागत. वारा फिरला की पिशव्या उडून समुद्रात जात आणि लाटांवर तरंगत. लोक म्हणत, “यंदा मासळी कमी झाली.” मी ऐकत असे. मला बोलता येत नाही, याचा आला तेवढा संताप मला दुसऱ्या कशाचाही आला नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका.

उतारवयात मला एक शिंगरू झाले. कपाळावर केसांचा झुपका होता म्हणून सगळे त्याला गोंड्या म्हणत. आर्गिरोला मूलबाळ नव्हते. ती त्याच्याशी बोबडे बोले आणि आपल्या ताटातली भाकरी त्याला भरवी. “खा रे राजा, तुझ्या आईला काही मी विचारत नाही.” तो माझ्या मागे मागे पायऱ्या चढे, मध्येच पळे, मध्येच कुणाच्या दारातली फुले ओरबाडून शिव्या खाई. त्याच्यामुळे लोक नाक धरायचे विसरत. तेवढा एक उन्हाळा मी आनंदात काढला.

ऑगस्टच्या मध्यावर आमच्याकडे देवमातेची, म्हणजे येशूच्या आईची, जत्रा असते. रात्रभर गाणी, नाच, भाजलेले बोकड. सकाळी चौकात थ्रासोसच्या खाणावळीसमोर पिशव्यांचा डोंगर उभा होता. आर्गिरो एका टोकाला टोपल्या भरत होती आणि मी खुंटाला बांधलेली होते. गोंड्या मोकळा होता. त्याला भाकरीचा वास आला. त्याने एक पिशवी दातांनी फाडली. आत टरबुजाच्या साली होत्या, भाकरीचे तुकडे होते आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पिशव्या होत्या. तो खाऊ लागला.

मी पाहिले. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले, दोर ताणून ओरडले. खाणावळीतली माणसे कॉफी पीत हसली.

“ऐका, ऐका! जत्रेचं गाणं राहिलं होतं, ते आता गाढवीण म्हणतेय!” थ्रासोस म्हणाला.

आर्गिरो धावत आली तोवर त्याने बरेच काही गिळले होते.

गोंड्याचे पोट फुगले. तो उठे, बसे, वळून स्वतःच्या कुशीकडे पाही, जणू तिथे कुणी त्याला चावते आहे. जनावरांचा डॉक्टर शेजारच्या मोठ्या बेटावर असतो. आर्गिरोने फोनवर त्याच्यापुढे हात जोडले, त्याला शिव्याही घातल्या. तो बोटीने आला तेव्हा गोंड्या माझ्या पुढच्या पायांवर मान टाकून गार झाला होता. डॉक्टरने त्याचे पोट उघडले. मला लांब बांधले होते, पण पुरेसे लांब नव्हते. आतून पिशव्या निघाल्या, दोरीसारख्या पिळलेल्या. लिंबे बांधून येतात ती प्लास्टिकची जाळी निघाली. पेल्याचे तुकडे निघाले. उन्हाळाभर तो थोडे थोडे गिळत आला होता, जत्रेने फक्त शेवट केला.

“गाढवाला गुळाची चव काय,” असे तुम्ही म्हणता. खरे आहे. माझ्या पोराला गुळाची चव कधी कळलीच नाही. त्याला तुमच्या पिशवीची चव कळली.

आर्गिरोने ते सगळे बादलीत भरले आणि मला घेऊन चौकात गेली. संध्याकाळची वेळ, टेबले भरलेली. तिने बादली थ्रासोसच्या स्वच्छ टेबलावर उपडी केली.

“अहो मावशी, काय करताय! लोक जेवताहेत!”

“तोही जेवतच होता.”

“माझ्या एका पिशवीनं मेला का तो?”

“तुझ्या एकीनं नाही रे. प्रत्येकाच्या एकेकीनं. उद्यापासून मी गाठ मारलेली पिशवी उचलणार नाही. कुणाचीच नाही.”

गावचा प्रमुख स्ट्रातोस उठून म्हणाला, “आर्गिरो, एका गाढवासाठी गाव अडवशील? तू नाही, तर दुसरं कुणी उचलेल.”

दुसऱ्या सकाळी तोच आला, माझा दोर सोडला आणि पिशव्या माझ्यावर लादल्या. आर्गिरो दारात हाताची घडी घालून उभी राहिली. मी मुकाट्याने चालले. चौकाच्या वरची पायरी सगळ्यांत अरुंद आहे. तिथे मी बसले. मग ओझ्यासकट आडवी झाले. पिशव्या फुटल्या आणि सगळे पायऱ्यांवरून थ्रासोसच्या टेबलांपर्यंत घरंगळत गेले. स्ट्रातोसने ओढले, काठीने मारले, शेवटी विनवण्या केल्या.

“ऊठ गं बाई, ऊठ! सगळं गाव बघतंय!”

बघू दे. मी उठले नाही. वर जाणारे वर अडले, खाली येणारे खाली. ऊन चढले तसा वास चढला. गांधीलमाश्या आल्या. पाहुणे सामान घेऊन बंदराकडे जायला निघाले, तेही माझ्यापाशी अडले. शेवटी स्ट्रातोसने घामाघूम होऊन वर पाहिले; आर्गिरो मागोमाग येऊन वरच्या पायरीवर उभी होती. “आर्गिरो, तुला हवंय तरी काय?”

“खाण्याचं वेगळं. काच वेगळी. बाकीचं धुऊन, उघडं. मी दारात येईन, तुम्ही पिशवी उघडून दाखवायची.”

“म्हणजे आम्ही आमचं उष्टं तुला दाखवायचं?”

“इतकी वर्षं तिच्या पाठीवर सांडत होता, तेव्हा लाज नाही वाटली?”

ती माझ्याजवळ आली, माझी मान चोळली, तेव्हा मी उठले.

तेव्हापासून आमच्याकडे पिशवी उघडी ठेवतात. थ्रासोसला काही पश्चात्ताप झाला नाही. चौकात सगळ्यांसमोर आपले टाकलेले दाखवायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने पातळ पेले बंद केले आणि पाणी मातीच्या सुरईत देऊ लागला. चालेल. लाजेने केले तरी चालेल. साली आणि उष्टे आता पडीक शेतातल्या खड्ड्यात जाते, वर पालापाचोळा टाकतात, त्याची काळी माती होते. तीन घरांत कोंबड्या परत आल्या. भर उन्हाळ्यात ज्या चढावर मी चारचार खेपा घालत असे, तिथे एक खेप पुरू लागली.

लोक मला सांगतात, बघ, सगळे ठीक झाले. म्हणूनच तर मी चिडते! हे त्यांना आधीही जमत होते. त्यांच्या आजीला जमत होते. एका सालीला बाजूला ठेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागणार होता. तेवढ्यासाठी माझे पोर मरायला हवे होते का?

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या गल्लीत गाढव नसेल, पण गाय असेल, कुत्री असेल, आणि तिच्या मागे मागे भुकेले पिल्लू असेल. आज रात्री जेवण झाले की पिशवीला गाठ मारण्याआधी थांबा. आत हात घाला. किळस वाटेल, वाटू द्या. त्यातली पोळी बाहेर काढा.