गल्लीची रुंदी

मोजणीदाराची बहीण दोन पेट्या घेऊन सासरहून कायमची त्याच्याकडे राहायला आली, त्याच वर्षीच्या जून महिन्यात एका सकाळी तो प्रसूतिगृहाच्या गल्लीत उकिडवा बसून टेप उलगडत होता. टेप जुनी होती. तिचे टोक केव्हाच तुटले होते आणि सुरुवातीचे आकडे घासून पुसले गेले होते. म्हणून ती शून्याऐवजी एकच्या रेघेवर धरायची आणि आलेल्या आकड्यातून एक मीटर वजा करायचा, अशी नगररचना कचेरीत पद्धत पडली होती. नव्या टेपची मागणी तीन वर्षे कुठल्याशा फायलीत सुखाने झोपली होती.

टोक धरणारा जोडीदार ओरडायचा, "एक धरला!" आकडा वाचणारा मोजणीदार उत्तर द्यायचा, "एक सोडला!" मगच वहीत लिहायचे. एकतीस वर्षांत मोजणीदाराच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती.

त्या दिवशी जोडीदार तापाने घरी पडला होता. टोक धरायला गाडीचा ड्रायव्हर आला. त्याला एकची रेघ दाखवून मोजणीदाराने बजावले, "इथे धर आणि हलू नकोस." ड्रायव्हर शहाणा माणूस. तो हललाही नाही आणि बोललाही नाही.

गल्लीत माणसे जमली होती, कारण आकड्यावर बरेच काही अवलंबून होते. शहराच्या नव्या आराखड्यात नियम आला होता: राहत्या वस्तीत खाटा ठेवून रुग्णालय चालवायचे तर समोरचा रस्ता निदान नऊ मीटर रुंद हवा. त्याहून अरुंद असेल तर नुसता दवाखाना, तपासा आणि घरी पाठवा. डॉक्टरीणबाईंचे आठ खाटांचे प्रसूतिगृह बावीस वर्षे त्या गल्लीत होते. समोर राहणाऱ्या मास्तरांनी हरकत नोंदवली होती. गल्ली सर्वांत अरुंद होती ती नेमकी मास्तरांच्या भिंतीपाशी, आणि नियमाप्रमाणे सर्वांत अरुंद जागाच धरायची असते.

टेप ताणली गेली. तेवढ्यात प्रसूतिगृहाच्या दारातून बहीण कप घेऊन बाहेर आली. बाळंतिणींची देखभाल करायला ती तीन आठवड्यांपूर्वीच तिथे लागली होती.

"दादा, चहा."

गल्लीतल्या सगळ्या माना वळल्या. आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे.

"मी कामावर आहे, बाई," मोजणीदार म्हणाला. एखाद्या परक्या बाईशी बोलावे तसे. त्याचे कान तापले. त्याने टेपवर मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा वाचला, "नऊ पूर्णांक चाळीस." आणि लिहिला.

मास्तर फाटकातून म्हणाले, "दाखवा."

त्याने वही पुढे केली. मास्तरांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, चष्मा काढला आणि आत गेले. त्यांची हरकत महिन्याभरात फेटाळली गेली. प्रसूतिगृहाला परवाना मिळाला. बहिणीची नोकरी कायम झाली, आणि तिने तळाची पेटी पहिल्यांदाच उघडून त्यातले सामान भावाच्या घरी मांडले.

ऑक्टोबरात त्याच गल्लीत गटार टाकायचे निघाले. या वेळी जोडीदार होता. मास्तरांच्या भिंतीला टेप लावून तो नेहमीसारखा ओरडला, "एक धरला!"

"एक सोडला!" मोजणीदार म्हणाला. टेपवर नऊ पूर्णांक चाळीस होते. त्याने वहीत आठ पूर्णांक चाळीस लिहिले, आणि पेन्सिल कागदावरून उचललीच नाही.

"काय झालं? मुंगी चावली?"

"परत धर."

परत धरले. तिसऱ्यांदा धरले. गल्ली काही रुंद होईना.

जोडीदार टेप गुंडाळत जवळ आला. वही पाहून त्याला समजायला वेळ लागला नाही. दोघांनी सव्वीस वर्षे एकाच टेपची दोन टोके धरली होती.

"जूनमध्ये एक सोडलाच नाहीस?"

"ड्रायव्हर बोलला नाही."

"अरे, तो कशाला बोलेल? त्याला काय माहीत आपले मंत्र!" जोडीदाराने आजूबाजूला पाहिले. "ऐक. गटाराला रुंदी लागते, ती आठ चाळीस लाव. जूनचा कागद जूनमध्ये मेला. कोण उकरतोय?"

"मला माहीत झालं ना."

"तुला माहीत झालं म्हणजे काय, नगारा वाजला? तुझी बहीण तिथे आहे. तू म्हणशील विसरलो, आणि कचेरीतलं शेंबडं पोरही म्हणेल, बहिणीसाठी भावानं मीटर वाढवला. एकतीस वर्षं नाकासमोर चाललास, आता आठ महिने राहिले निवृत्तीला. कशाला स्वतःहून विहिरीत डोकावतोस?"

मोजणीदाराने पेन्सिलीला टोक केले. टोक आधीच होते.

घरी गेल्यावर त्याने बहिणीलाच आधी सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटपर्यंत ऐकून घेताना तिने एकही घडी मोडली नाही.

"सासरी म्हणायचे, हिचा पाय वाईट," ती म्हणाली. "तेव्हा नुसते तोंडानं म्हणायचे. आता सरकारी शिक्का बसेल."

"तुझा काय संबंध? चूक माझी."

"चहा मी आणला होता, दादा." तिने पुढचे कापड घेतले. "खाटा उचलायला लावतील?"

"लावतील."

"मग सांगून टाक. मी सांगू नको म्हटलं आणि तू नाही सांगितलंस, तर या घरात तुझ्या ताटाला ताट लावून मी जेवू कशी?"

दुसऱ्या दिवशी तो नगररचनाकार मॅडमच्या टेबलासमोर वही उघडी ठेवून उभा राहिला. मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी जूनचे आणि ऑक्टोबरचे अशी दोन्ही पाने पाहिली, मग त्याला बसायला सांगितले. तो उभाच राहिला.

"टेप तुटकी आहे, हे मी लेखी देऊ शकते," त्या म्हणाल्या. "विसरलात, हे तुम्हालाच लिहावं लागेल. आणि बहीण तिथे कामाला आहे हेही लिहा. दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी."

"लिहून आणलंय."

मॅडमनी कागद घेतला. "तुम्हाला वाटत असेल, साठ सेंटिमीटरसाठी केवढा हा खेळ. पण त्या गल्लीत एक गाडी उभी असली की आगीचा बंब वळत नाही. मी स्वतः वळवून पाहायला लावलाय. आठ बाळंतिणी वर, त्यातल्या निम्म्यांना जिना उतरता येत नाही."

"हो."

"एक वाट आहे. भिंतीमागची साठ सेंटिमीटरची पट्टी मालकानं रस्त्यासाठी सोडून दिली, तर गल्ली नऊ भरते. महिन्याभरात त्याची सही आली तर परवाना राहील. नाही आली तर मी रद्द करीन. तुमची चौकशी मात्र कसंही झालं तरी होईल."

"मालक म्हणजे मास्तर."

"म्हणजे ज्याची हरकत आपण तुमच्या आकड्यावर फेटाळली, तो माणूस," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई आधी जाऊन आल्या. मास्तरांनी त्यांना नीट बसवले, पाणी दिले आणि नाही म्हणून सांगितले. जागेचे मोल देते म्हटल्यावर फाटकापर्यंत सोडायला आले. त्यानंतर महिन्यातले नऊ दिवस उरले होते तेव्हा मोजणीदार गेला. सुटीचा दिवस होता, पण त्याने वही बरोबर घेतली होती.

मास्तरांनी दार उघडले. "आता काय मोजायचंय?"

"मोजायचं नाही. सांगायचंय. जूनमध्ये मी चुकलो. एक मीटर वजा करायचा राहिला. तुमची हरकत बरोबर होती."

मास्तरांनी हात पुढे केला. त्याने वही दिली. जूनचे पान आणि ऑक्टोबरचे पान त्यांनी आळीपाळीने पाहिले, पुन्हा पाहिले. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले होते.

"हातचा विसरलात," ते म्हणाले.

"हो."

"चौथीतली पोरं विसरतात. त्यांना मी बाकावर उभं करायचो."

"मी उभाच आहे," मोजणीदार म्हणाला.

मास्तरांचा ओठ हलला, पण हसू काही बाहेर आले नाही. "या आत. पण मी सही करणार नाही. माझं त्या डॉक्टरीणबाईंशी वाकडं नाही. वेळी-अवेळी गाड्या येतात, भोंगे वाजतात, माझ्या फाटकात लावून जातात. आमच्या हिला झोप लागत नाही. अठरा वर्षं अर्ज करतोय. आणि ती पट्टी मोकळी नाही, तिथे हिची जागा आहे."

खिडकीतून त्याने पाहिले. भिंतीच्या आतल्या अंगाला, भिंतीतच ओतलेले सिमेंटचे बाक होते. भिंत तिथे मुद्दाम बुटकी ठेवलेली होती. बाकावर एक म्हातारी बाई गल्लीकडे तोंड करून बसली होती. तिची काठी शेजारी टेकवलेली होती.

"गुडघ्यांमुळे तिला त्याच्यापलीकडे जाता येत नाही," मास्तर म्हणाले. "दिवसभर तिथेच असते. आता तुम्हीच सांगा."

मोजणीदाराने पुन्हा पाहिले. बाक साधारण पन्नास सेंटिमीटरचे होते. पट्टी साठची. त्याच्या डोळ्याला मोजायला टेप लागत नसे.

"बरं," तो म्हणाला आणि वही घेऊन निघाला.

"कोण आहे हो?" बाईंनी बाहेरून विचारले.

"कोणी नाही. कचेरीतले आहेत."

"कोणी नाही तर एवढं काय बोलताय? इकडे पाठवा."

मोजणीदार बाहेर गेला. बाईंनी त्याला नीट न्याहाळले.

"तुम्ही त्या नव्या बाईचे भाऊ ना? चहा नाकारलात ते."

"हो."

"वाईट केलंत. बिचारी कप घेऊन तशीच आत गेली." त्यांनी काठी मांडीवर घेतली. "किती जागा मागताय?"

"मी मागत नाही. लागते साठ सेंटिमीटर."

"मला ते सेंटिमीटर कळत नाहीत. हातानं दाखवा."

त्याने दोन्ही हात एकमेकांपासून दूर धरून दाखवले. बाईंनी हातांकडे पाहिले, मग स्वतः बसल्या होत्या त्या बाकाकडे पाहिले.

"नाही दिली तर?"

"खाटा उचलतील. दवाखाना राहील."

"म्हणजे बाळंत होणार नाहीत इथे."

"नाही."

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. बाई त्यांच्याकडे न बघता बोलू लागल्या. "हे भोंगे मोजतात. मी माणसं मोजते. येताना दोघं येतात, जाताना तिघं जातात. कधी कधी दोघंच जातात, तेव्हा मी आत निघून येते. अठरा वर्षं दुसरं काय बघतेय मी इथे बसून?" त्या थांबल्या. "आता इथे बसून नुसती समोरची भिंत बघू का?"

"तुझी झोप?" मास्तर म्हणाले.

"झोपायला पुढे खूप वेळ आहे."

समोर एक गाडी येऊन थांबली. मास्तरांच्या फाटकातच. कोणीतरी एका बाईला हात देऊन उतरवले. मास्तरांनी सवयीने त्या ड्रायव्हरला हाक मारण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले.

"साठ नाही," ते म्हणाले.

मोजणीदाराने मान हलवली आणि वही काखेत मारली.

"पुरा मीटर घ्या. वहीत नऊ चाळीस लिहिलंय ना? नऊ चाळीस होऊ दे. उत्तर आधी लिहून मागून गणित जमवलेलं मी उभ्या जन्मात चालवून घेतलं नाही. आता एकदा चालवतो."

"जूनचा आकडा तरीही खोडावा लागेल, मास्तर. तेव्हा तो खोटाच होता."

"माझ्यासमोर खोडा."

मोजणीदाराने तिथेच, बाकाच्या कडेवर वही ठेवून, जूनच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. शेजारी आठ पूर्णांक चाळीस लिहिले, तारीख घातली आणि सही केली. रेघ थोडी वाकडी गेली. मास्तरांनी ती तपासली आणि वही परत दिली.

"आता जाताना त्या दारात जा आणि चहा मागून प्या," बाई म्हणाल्या.

सही सातव्या दिवशी कचेरीत पोहोचली. चौकशी झाली. मोजणीदाराच्या सेवापुस्तकात एक ताशेरा लिहिला गेला आणि निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने त्याला आतल्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या लावायला बसवले. काही जणांनी त्याचे ऐकले आणि मान डोलावली. काही जण शेवटपर्यंत हसत राहिले. जोडीदाराला नवीन माणूस मिळाला आणि त्या दोघांना नवी टेपही मिळाली.

जुनी भिंत जानेवारीत पाडली. बाक भिंतीतच ओतलेले असल्यामुळे ते वेगळे निघाले नाही, फुटले. एक मीटर मागे नवी भिंत उभी राहिली. आता गाड्या त्या भिंतीलाच खेटून जाणार, म्हणून गवंड्याने ती नियमाप्रमाणे पुरी उंच घेतली. मास्तरांनी खिडकीशी एक खुर्ची ठेवली आणि बाई तिथे बसू लागल्या. खिडकीतून भिंत दिसे. मोजणीदाराची बहीण रोज पाळी संपली की पाच मिनिटे आत जाई आणि आज किती आले, किती गेले ते त्यांना सांगे.

नव्या माणसाने फेब्रुवारीत गल्ली मोजली. नऊ पूर्णांक चाळीस भरली. प्रसूतिगृहाच्या आठ खाटा राहिल्या.

मास्तरांच्या बाई त्याच वर्षी मार्च महिन्याच्या एकोणीस तारखेला, बुधवारी, सकाळी साडेसहा वाजता गेल्या.