न सापडलेल्यांचे गठ्ठे

ऑपरेटरबाईंनी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना "जरा थांबा हं, जोडून देते" असं सांगण्यात घालवलं होतं. त्यामुळे थांबण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. निवृत्त झाल्या तरी लोक त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. म्हणणारे तरी कितीसे उरले होते म्हणा! दूधवाला, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, आणि अलीकडे सरकारी दप्तरखान्यातला रेकॉर्डवाला.

दप्तरखान्यात त्या येत होत्या धाकट्या भावाची पोलिसातली फाइल शोधायला. धाकटा ऐन तारुण्यात एका सकाळी "येतो गं ताई" म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. वडिलांनी चौकीत तक्रार दिली. त्याला आता इतकी वर्षं लोटली होती की तक्रार घेणारा हवालदार आणि देणारे वडील, दोघंही मागे राहिले नव्हते. राहिल्या होत्या त्या एकट्या बाई, त्याच घरात. धाकटा आला तर त्याला दार सापडायला हवं, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी जमत आलेलं लग्न मोडलं. मावसबहीण "माझ्याकडे राहायला ये" म्हणून मागे लागे, तर तिला दर वेळी काहीतरी सांगून वाटेला लावलं. आणि आता घरमालकानं इमारतच पाडायला काढली होती! घर गेल्यावर धाकटा येणार कुठे? त्याचा ठावठिकाणा लागला तर निदान नवा पत्ता तरी कळवता येईल. फाइलमध्ये काही ना काही धागा असणारच, अशी बाईंची खात्री होती.

पण त्या चौकीचे तेव्हाचे गठ्ठेच गायब होते. चौकी मध्यंतरी दुसरीकडे हलली, कधीतरी तळघरात पाणी शिरलं, आणि यादीप्रमाणे गठ्ठे जिथे असायला हवेत तिथे नुसती रिकामी फळी. दुसरा कुणी असता तर त्यानं हात झटकले असते. हा रेकॉर्डवाला मात्र चिवट. बायको गेल्यापासून घरी जायची त्याला घाई नसे.

"बाई, कारकून हा प्राणी आळशी," तो म्हणाला. "मी स्वतःवरून सांगतो. गठ्ठे फेकायचे कष्ट कोण घेणार? कुठेतरी कोंबले असतील."

आणि खरंच कोंबलेले निघाले. कुणा शहाण्यानं वर 'हरवले' एवढंच वाचून माणसांचे गठ्ठे सायकली आणि छत्र्यांच्या तक्रारींमागे ढकलून दिले होते.

"इतकी वर्षं माझा भाऊ छत्र्यांत!" बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग वाचन सुरू झालं. पेन आत न्यायला बंदी, जवळ फक्त पेन्सिल. सुतळी सोडली की धुळीचा असा लोट उठे की बाईंना शिंकांवर शिंका येत. प्रत्येक फाइलला गंजक्या टाचणीनं फोटो टोचलेला. औषध आणायला गेलेला शिंपी. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघालेली म्हातारी. टायपिंगच्या क्लासला गेलेली मुलगी, आणि तिची आई चौकीत पुन्हा पुन्हा विचारून गेल्याच्या नोंदी. बाईंना खरं तर एकच फाइल हवी होती, पण दुसऱ्या कुणाचीही त्यांच्यानं नुसती उलटवेना. घरी एकट्यानं चहा पिताना त्यांच्या मनात येई, त्या मुलीला आता कोण शोधत असेल?

शेवटचा गठ्ठा संपला. धाकटा त्यात नव्हता.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आमचा माणूस हरवला, आणि तुम्ही त्याचा कागदसुद्धा हरवलात!" त्या दप्तरखान्याच्या भरल्या वाचनकक्षात ओरडल्या.

रेकॉर्डवाल्यानं सुतळी बांधली. "चला बाई, बाहेर बसू," तो म्हणाला. व्हरांड्यातल्या बाकावर तो जरा अंतर ठेवून बसला.

"आमच्याकडे एक नियम आहे," तो म्हणाला. "न सापडलेल्या माणसाची फाइल कधीच नष्ट करत नाहीत. माणूस सापडला की फाइल बंद. बंद फाइल काही वर्षं ठेवतात, मग कागदाच्या लगद्याला जाते. गठ्ठ्यांत मधले मधले नंबर नाहीत, बघितलंत ना? ते सापडलेल्यांचे."

बाई त्याच्याकडे वळल्या. "सापडला म्हणजे... कसा?"

"जिवंत. बेवारस मृतांचं रजिस्टर वेगळं असतं, ते कायम ठेवतात. मी ते पाहून आलो. त्यात तो नाही."

"मग आम्हाला कळवलं का नाही?"

"ज्यानं तक्रार दिली त्याला बोलावून सांगतात, सही घेतात. त्याशिवाय फाइल बंद होत नाही. पण सज्ञान माणूस म्हणाला, मला घरी जायचं नाही, की पत्ता देत नाहीत. सुखरूप आहे, एवढंच सांगतात."

तक्रार वडिलांनी दिली होती.

वडील दर रविवारी चौकीवर चौकशीला जात. एका रविवारी ते परत आले आणि पायातले बूट न काढता तसेच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराबाहेरच्या कुंडीखालची, धाकट्यासाठी ठेवलेली किल्ली काढून घेतली. "आता इथे नको ठेवूस," म्हणाले. बाईंनी ती परत ठेवली. त्यांनी पुन्हा काढली, यांनी पुन्हा ठेवली. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही बाप आहात की वैरी?" आणि त्यांनी जो अबोला धरला तो वडील जाईपर्यंत. ताट वाढायचं आणि भांडं आपटायचं, तेवढंच बोलणं. वडिलांनी ब्र काढला नाही. 'त्याला आपण नको आहोत' हे वाक्य लेकीच्या कानावर पडू नये, म्हणून ते तिचा राग जेवत राहिले.

"तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी रेकॉर्डवाल्याला विचारलं.

"पहिला गठ्ठा सोडला तेव्हाच अंदाज आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

रेकॉर्डवाला हातावरची धूळ झटकत राहिला. "वाटलं, माझं चुकत असेल. आणि... तुम्ही रोज यायचात."

बाई दुपारीच घरी परतल्या. भाऊ जिवंत होता, याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो होतही होता. पण घर हललं नव्हतं, फोनचा नंबर तोच होता, आणि धाकट्याला दोन्ही पाठ होते.

त्यांनी कुंडी तिरपी केली. किल्ली गंजून कुंडीखालच्या बशीला चिकटली होती. चमच्याच्या दांड्यानं खरवडून त्यांनी ती सोडवली, आत गेल्या आणि दाराला कडी घातली. वडिलांची खुर्ची खिडकीशी तशीच होती.

"बाबा," त्या म्हणाल्या, "किल्ली काढली हो मी."