नदीपर्यंत गेलेला डावा बूट

मित्रांनो, जुना असलो म्हणून काय झालं, मी डोंगर चढणारा बूट आहे! जोडीतला डावा. उजवा माझा सख्खा भाऊ, पण तो अबोल. म्हणून दोघांची कहाणी मीच सांगतो.

जाड चामडं, खोल दात्यांचा सोल आणि लाल नाड्या, असा आमचा थाट होता. आम्हांला घेतलं बेकरी चालवणाऱ्या एका बाईंनी. रोज पहाटेपासून भट्टीपुढे उभ्या असणाऱ्या या बाई सुट्टी मिळाली की आम्हांला घालून रानात निघायच्या. रान संपलं की डोंगरातली नदी. तिथे पोचल्यावर म्हणायच्या, "बूट असावेत तर असे!" मी नुसता फुशारून जायचो.

पुढे त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. बाईंनी आम्हांला पुसलं, कागदात गुंडाळलं, पिशवीत बांधलं आणि कपाटात ठेवलं. केवढी माया! पण आत ना वारा, ना उजेड. वर्षं गेली. माझ्या सोलचा गोंद आतल्या आत वाळत गेला आणि मला पत्ताही लागला नाही.

यंदा वसंतात कपाट उघडलं. गुडघा बरा झाला होता. बाई लेकीला म्हणाल्या, "आज नदीपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर हा नाद कायमचा सोडला!" मला तर कधी एकदा पाऊल टाकतो असं झालं होतं.

अहाहा, ते रान! झाडांना कोवळी पालवी फुटलेली, पायाखाली वाळक्या पानांचा चुरा आणि मधेच कुठेतरी पाखराची शीळ. बाई सावकाश चालत होत्या, मी मात्र मनातून धावत होतो. दुरून नदीचा आवाज आला. नेमका तेव्हाच मी एका दगडाला अडखळलो आणि माझा सोल पुढून सुटला. मी चक्क आ वासला. शरमेने अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, परत फिरू या. घसरलीस तर पुन्हा गुडघा धरून बसशील," लेक म्हणाली.

बाई मटकन खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. "इतके जपून ठेवले होते गं मी!"

"अगं, ठेवून ठेवूनच गेले ते. अधूनमधून घातले असतेस तर टिकले असते."

 बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "भूक लागलेली दिसतेय याला!" त्यांनी पिशवीतून खाऊचं खोकं काढलं. बेकरीच्या सवयीने त्याला सुतळी बांधलेली होती. ती सोडून त्यांनी माझ्या तोंडाभोवती वेढे घातले आणि केकच्या खोक्याला मारतात तशी गच्च गाठ मारली.

"हं, पार्सल तयार. चल, पोचवून येऊ!"

पुढचं प्रत्येक पाऊल मी जीव मुठीत धरून टाकलं. झाडी संपली आणि समोर नदी! पांढरीशुभ्र, खळाळती, दगडांवरून उड्या मारणारी. "आले गं बाई, आले मी!" असं ओरडून बाईंनी आम्हांला काठावर काढून ठेवलं, पाय पाण्यात सोडले आणि गारठ्याने लहान मुलीसारख्या किंचाळल्या.

मित्रांनो, आवडत्या वस्तू पुसा, उसवल्या तर शिवून घ्या, पण कोंडून ठेवू नका. आम्हांला झिजायचंय. मला आता नवा सोल बसलाय. मी दाराशीच असतो, चिखलासकट. आणि उद्या सुट्टी आहे!