पालकांच्या विनंतीवरून

मित्रांनो, माझं नावच मुळी अपशकुनी. मी एक जुना 'शाळा सोडल्याचा दाखला' आहे. गंमत बघा, नाव सोडल्याचं, पण माझ्यावाचून कोणतीही नवी शाळा कुणाला आत घेत नाही. त्यामुळे मी थोडा मिजासखोर आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म माळशिरस तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात झाला. लिपिकांनी निळ्या शाईने माझे रकाने भरले. नाव, मायाक्का जोतिराम वाघमोडे. इयत्ता नववी उत्तीर्ण. अभ्यासातील प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. जन्मतारीख तर आकड्यांत आणि वर अक्षरांतही. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. मुख्याध्यापकांची सही झाली, गोल शिक्का बसला. मला वाटलं, आता ही मुलगी मला घेऊन मोठ्या शाळेत जाणार. कसलं काय.

तिचे वडील जोतिरामआबा मेंढ्या राखायचे. त्यांनी मला घरी आणलं आणि पत्र्याच्या पेटीत, घोंगड्याखाली दडवून ठेवलं. थोड्याच दिवसांत मायाक्काचं लग्न लागलं. ती सोळा वर्षांची होती, आणि ते माझ्या अंगावर अक्षरी लिहिलेलं होतं. घरात खरं बोलणारा मी एकटाच, म्हणून अंधार माझ्या वाट्याला आला. मला फार वाईट वाटायचं. कसरीने माझी एक कड खाल्ली, तरी कुणी विचारपूस केली नाही.

मधल्या वर्षांत काय झालं, ते मला पुढे एस.टी.त मायाक्काच्या मांडीवर बसून कळलं. लग्नानंतर ती सोलापुरात आली, वर्षभरात पायलची आई झाली आणि पुढे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली. गावोगावच्या पोरांनी शाळेत जावं म्हणून ही कॉलरी शिवणार, आणि हिची स्वतःची शाळा पेटीत बंद. पायलला पहिलीत घालताना अर्जात 'आईचे शिक्षण' असा रकाना आला. तिने 'नववी' लिहिलं, आणि तो शब्द तिला उसवलेल्या टाक्यासारखा खटकत राहिला.

बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आणि त्याला मी हवा. दुसरी प्रत काढायला आठवडा जाणार, मुदत तर दोन दिवसांत संपणार. ती हुकली की वर्ष गेलं. म्हणून मायाक्का कामावर सुट्टी टाकून माहेरी आली.

"आबा, माजा दाखला कुटं हाय?"

"उंदरानं खाल्ला आसंल," आबा मेंढ्यांकडे बघत म्हणाले.

तिच्या आईने, वच्छलाबाईंनी, चुलीपुढूनच सुनावलं, "उंदराच्या नावावर किती दिस ढकलनार? पेटी उगडा की."

पेटी उघडली. सात वर्षांनी मी उजेड पाहिला. पण आबांचा हात काही मला सोडेना.

"माये, ह्याच्यावर तुजी जन्मतारीक हाय. कुनी बगितली तर म्हनतील, बापानं पोरीचं वाटुळं केलं."

"म्हनू द्या की. पायल मोटी झाली की तिलाबी सांगनार हाय मी. पर आबा, त्याच कागदावर 'प्रगती चांगली' बी लिवलंय. त्ये मला पायजे."

आबांनी मला तिच्या हातात ठेवलं. मग पटका बांधत म्हणाले, "मीबी येतो संगट."

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने सोलापूरला निघालो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मायाक्काच्या मांडीवर. थाट काही विचारू नका.

फॉर्म घेणाऱ्या शाळेत तिप्पण्णा सर होते. त्यांनी मला उलटून पालटून पाहिलं आणि एकेक रकाना मोठ्याने वाचला. "कारण, पालकांच्या विनंतीवरून."

आबा पुढे सरकले. "सर, तेवडं खोडता येतंय का? त्यो पालक मीच."

"खाडाखोड केली की दाखला बाद होतो, आबा."

आबांनी डोक्याचा पटका काढून हातात धरला. "मग ऱ्हाऊ द्या. आता दुसरी इनंती करतो. माज्या लेकीला साळंत घ्या."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी फॉर्म मायाक्कापुढे सरकवला. तिने डोळे पुसले आणि त्याच ओल्या हाताने सही केली.

आता माझा मुक्काम शाळेच्या फायलीत आहे. मायाक्का कारखान्यातून सुटली की पायलचं बोट धरून वर्गाला येते. बीजगणित तिला जड जातं, पण ती पास होणार, हे मी सहीशिक्क्यानिशी सांगतो. मित्रांनो, मला जपा, कसर लागू देऊ नका. आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीसाठी मला कुणी वेळेआधीच मागायला आलं, तर गप्प बसू नका, गुरुजींना जाऊन सांगा. माझा तो कारणाचा रकाना बोटभरच असतो, पण त्यात मायाक्काची सात वर्षं मावली.