बुक्कीबाबाच्या गालातला खडा

"निघाला! खडा निघाला!" हॉलमध्ये एकच गलका उडाला. बुक्कीबाबाने एका बाईच्या पोटाला लावलेलं तोंड वर केलं आणि रक्ताळलेला, बोराएवढा खडा तळहातावर थुंकला. त्याआधी तिच्या बरगडीखाली त्याने मोजून एकवीस बुक्क्या हाणल्या होत्या. बाई निपचित पडली होती, आणि लोक खड्याच्या पाया पडत होते.

पुढचा नंबर माझ्या ताईचा. तिला शोधत मी मागच्या दारातून घुसलो होतो. पित्तनलिकेत मोठा खडा अडकल्याने तिचे डोळे पिवळे पडले होते, अंगात ताप फणफणत होता. चूक माझीच. हॉस्पिटलात खडे फोडायचं मशीन मीच चालवतो. तिची भीती जावी म्हणून मी म्हणालो होतो, "ताई, कापाकापी नाही. बाहेरून धक्के देतात, आत खडा फुटतो." धक्केच खायचे तर हॉस्पिटल कशाला, असा तिने सोयीचा अर्थ लावला.

"यंत्राची लहर विजेची, माझी ब्रह्मांडाची!" बाबा गरजला. "ही ओरडत नाही बाळांनो, आतला खडा ओरडतोय!"

भाऊजींनी तिचे हात दाबून धरले होते. मी गर्दी रेटत पुढे सरकत होतो, तोच सातव्या बुक्कीला कट्‌कन आवाज आला.

"भाऊजी, बरगडी मोडली तिची! सोडा!"

"गप रे! चौदा राहिल्यात अजून."

माझं डोकं फिरलं. बाबाचा एक गाल मघापासून फुगलेला दिसत होता. मी धावत जाऊन बाबाचा जबडा दोन्ही हातांनी दाबला. तो माझ्या बोटाला कडकडून चावला, मागून पाठीत लाथा बसल्या, पण मी सोडलं नाही. शेवटी त्याच्या गालातून रक्ताची थुंकी आणि एक खडा जमिनीवर पडला.

"एकवीस व्हायच्या आधीच निघाला?" मी ओरडलो. "हिच्या पोटाला तर तोंडही लावलं नाही याने!"

भाऊजींनी खडा उचलून टाचेखाली रगडला. फुटेना. पित्ताचा असता तर चुरा झाला असता. ही रस्त्यावरची खडी होती. तीच मुठीत धरून भाऊजींनी बाबाचे दात पाडले. मघाशी पाया पडणारे त्याच भक्तिभावाने त्याला तुडवू लागले. मी ताईला उचलून पळालो.

डॉक्टरांनी आधी नाकातून नळी घालून पित्तनलिकेतला पू काढला. ताप उतरल्यावर मी मशीन लावलं. त्याच्या लहरी पाण्याच्या उशीतून शरीरात शिरतात आणि एक्स-रेवर दिसणाऱ्या खड्यावरच एकवटतात. बुक्कीचा जोर कातडीवर आणि हाडावरच संपतो. फुटलेले तुकडे डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून काढले. ताई वाचली, पण अजून खोकताना बरगडी धरते.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: कातडीला भोक नाही, मग खडा आला कुठून? त्या दिवशी हॉलमध्ये दोनशे माणसं होती. एकाने जरी हे विचारलं असतं, तर माझ्या बहिणीने सात बुक्क्या खाल्ल्या नसत्या.