चानकी

"पैसे न्हाईत तर न्हाईत म्हण की बाई. हे काय आणलीस?" दारोग्याने काठीने गाठोडे चाचपले. आत खडखड वाजले.

"कडक भाकऱ्या हायत, अण्णा," महानंदा म्हणाली. "तीळ लावून भाजल्यात. महिना टिकतात. ह्यालाच खुराकी धरा."

निजामशाही जाऊन पाचेक वर्षे झाली होती. दिवाणी कैद्याच्या जेवणाचा खर्च, म्हणजे खुराकी, ज्याने त्याला कैदेत घालायला लावले त्यानेच भरायचा, असा कायदा होता. खुराकी चुकली की कैदी सुटे. महानंदाच्या नवऱ्याने, गुरुलिंगाने, मुलीची पोटगी दिली नाही म्हणून कोर्टाने त्याला गुलबर्ग्याच्या तुरुंगात घातले. आत त्याच्या पोटाला घालायचे मात्र महानंदाच्याच गळ्यात आले. कडगंचीच्या एका आडतीवर शेंगा फोडून ती खुराकी भरत होती. या खेपेला आडत बंद पडली होती.

"पोरीच्या पोटासाठी भांडलीस, अन् पोसायलीस बापाला," दारोगा म्हणाला. "जाऊ दे की त्याला."

"असा सुटला तर पुन्हा धरता येत न्हाई, वकील म्हणालते. मग पोरीनं काय खायचं?"

दारोग्याने इकडेतिकडे पाहिले आणि गाठोडे आत घेतले.

गुरुलिंगाला यातले काहीच ठाऊक नव्हते. आपण सरकारची भाकरी खातो, असे तो समजत होता. तो शहाबादला एका गुत्तेदाराकडे फरशी घडवायचा. हाताला काम होते, देता आले असते. पण त्याच्या आईने महानंदाची भांडी अंगणात फेकली तेव्हा तो गप्प बसला होता, आणि ती माहेरी, कडगंचीला, गेल्यावर त्याने निरोप धाडला होता, की पोरीला घेऊन नांदायला ये, मग पैशाचे बघू. तो हट्ट घेऊनच तो तुरुंगात आला. आयती भाकरी मिळत होती, हट्टही टिकून होता.

दुपारी अंघोळ करून त्याने गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतले, पूजा केली. पुढ्यातले अन्न लिंगाला दाखवले की तो प्रसाद. मग त्यातला कणही टाकायचा नाही, ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचे, हे त्याला लहानपणापासूनचे वळण होते. ताटात घेण्यासाठी त्याने दारोग्याने पुढे ठेवलेल्या गाठोड्याचे फडके सोडले आणि त्याचा हात थांबला.

"ह्या कुठल्या?"

"तुझ्या बायकोनं आणल्यात," दारोगा म्हणाला. "आजवर खाल्लास ते बी तिचंच. सरकार काय तुझा सासरा लागतोय?"

गुरुलिंग एकेक भाकरी उचलून बाजूला ठेवत गेला. तळाशी एक चानकी निघाली, तळहाताएवढी. उरल्या पिठाची ही चिमुकली भाकरी घरातल्या लेकरासाठी असते. कडेला बारीक बोटांचे ठसे होते. पूर्वी शहाबादच्या घरी चुलीपुढे बसून त्याची लेक सिद्धव्वा आपल्या चानकीला कुणाला हात लावू देत नसे.

चानकी त्याने फडक्यात परत ठेवली. ताटात एकच भाकरी घेतली, लिंगाला दाखवली आणि बराच वेळ चावत राहिला. मग ताट धुतले, पाणी प्याला.

"गुत्तेदाराला निरोप धाडा," तो म्हणाला. "माझ्या कामावर उचल द्या म्हणावं. मी भरायलोय पोरीचं."

पुढच्या खेपेला महानंदा तुरुंगाशी आली, तेव्हा दारोग्याने तिला आत येऊच दिले नाही. पैसे कोर्टात जमा झालेत, घेऊन जा म्हणाला. गुरुलिंग शहाबादला गेला होता. कडगंचीला येऊ का, असे त्याने विचारले नव्हते. विचारले असते तर काय सांगितले असते, हे महानंदालाही माहीत नव्हते. दारोग्याने तिच्या हातात फडके दिले.

घरी सिद्धव्वाने त्याची गाठ सोडली.

"ही मी अप्पासाठी घातलती," ती म्हणाली. "आवडली न्हाई व्हय त्याला?"

"आवडली. म्हणून तर मोडली न्हाई."

सिद्धव्वाने चानकीवर नख वाजवून पाहिले. अजून कडक होती. तिने ती मधोमध मोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी अप्पाची म्हणून फडक्यात बांधून आईकडे दिली. महानंदाने ते फडके खुंटीला अडकवले आणि चुलीकडे वळली.