आईच्या रकान्यात

"आईचं नाव?" ओगुरानं विचारलं आणि पेन कागदावर टेकवून ठेवलं.

"माझंच," मित्सुए म्हणाली.

ओगुरा आमच्या नगरकचेरीत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसतो. लहानपणी सहा वर्षं तो शाळेत मित्सुएच्या हातचं जेवला होता. आमच्या गावात चाळिशीच्या आतला प्रत्येक जण जेवलाय. त्यानं आधी अठ्ठावन्न वर्षांच्या मित्सुएकडे पाहिलं आणि मग तिच्या शेजारी बारा दिवसांचं बाळ छातीशी धरून बसलेल्या तिच्या मुलीकडे, चिहारुकडे. कुजबुज त्याच्याही कानावर आली होती, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. फक्त कुठे बघावं ते त्याला कळेना.

गोष्ट सरळ होती. चिहारुची गर्भपिशवी सव्विसाव्या वर्षी काढावी लागली होती. बीज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, शूजीचं. नऊ महिने पोटात वाढवलं ते मित्सुएनं. कुणी मागितलं नव्हतं. एकदा जेवता जेवता तीच म्हणाली होती की माझी पिशवी अजून जागेवर आहे, तुम्हाला चालत असेल तर बघा. मग दूरच्या शहरातला दवाखाना झाला, वर्षभर सुया टोचून घेणं झालं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका म्हणायच्या, मित्सुए, निवृत्तीच्या वयात कुणी बाळंतपणाची रजा टाकतं का? ती म्हणायची, शिल्लक होती, वाया कशाला घालवायची.

पण कागद बीजाचं विचारत नाही. जिच्या पोटातून मूल आलं ती आई, एवढंच कायद्याला कळतं. ओगुरानं समजावून सांगितलं की आत्ता बाळ मित्सुएच्या कुटुंबनोंदीत लागेल, तिची दुसरी मुलगी म्हणून. म्हणजे चिहारुची बहीण. पुढे कोर्टातून चिहारु आणि शूजीनं तिला दत्तक घ्यायचं. मित्सुएचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तेव्हा वडिलांचा रकाना तोवर कोरा ठेवावा, असं त्यानं हळूच सुचवलं.

मागे उभ्या असलेल्या शूजीला ते पटलं नाही. तो गाड्या तपासतो, ब्रेक, दिवे, चाकं, आणि तपासणीच्या कागदावर एक रकाना कोरा दिसला तर गाडी परत पाठवतो. बाप धडधाकट समोर उभा असताना पोरगी बिनबापाची का म्हणून, असं त्याचं म्हणणं. त्यानं पितृत्व मान्य केल्याचा अर्ज भरायला घेतला. ओगुरानं तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा तर म्हणाला, घरी जाऊन चहा पिऊन या, मग भरा. शूजीनं खिशातून आपला शिक्का काढला आणि उमटवला.

आठवड्यानं नोंदीची नक्कल आली. वडील, शूजी. आई, मित्सुए. कायद्यानं पाहिलं तर एक अक्षर खोटं नव्हतं.

चिहारुनं ती दोनदा वाचली.

"म्हणजे माझ्या नवऱ्याला माझ्या आईपासून मुलगी झाली," ती म्हणाली. "आणि मी कोण? शेजारीण?"

मित्सुए बाळाचे लंगोट घडी करत होती, ती तशीच करत राहिली. रागावण्यासारखं कुणीच काही केलं नव्हतं, तेच सगळ्यांत वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी चिहारुनं शांतपणे सांगितलं, "आई, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तू येऊ नकोस." मित्सुएला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीनं चालतं हे तिच्या ध्यानात आलं नाही. आधी सहा महिने दत्तक घेणाऱ्यांनी मूल सांभाळून दाखवायचं असतं. एप्रिलमधलं बाळ, बघता बघता नोव्हेंबर उजाडला. मित्सुए पुन्हा कामावर जाऊ लागली. रोज सहाशे पोरांसाठी मिसोचं सूप ढवळायचं, भांडी घासायची, घरी येऊन पाय वर करून पडायचं. दमलेली ती आधीही असायची, पण आता झोपून उठल्यावरही दमलेलीच असायची.

नोव्हेंबरात कोर्टाच्या तपासनीस कुवाबाराबाई मित्सुएच्या घरी आल्या. त्यांनी नीट, घाई न करता सगळं वाचून दाखवलं. संमती दिली की निकालानंतर आई म्हणून मित्सुएचं मुलीशी असलेलं नातं कायमचं संपेल. आज सही केली तरी दोन आठवड्यांच्या आत ती मागे घेता येते. तसा कागद मुदतीत कोर्टाच्या हातात पडायला हवा, नंतर नाही. कुणाचा दबाव आहे का, असंही त्यांनी विचारलं. मित्सुए नाही म्हणाली.

"मूल का देताय?"

"देत नाहीये. तिचं आहे, तिला परत करतेय."

बाईंनी पेन थांबवलं. "तसं लिहायची सोय नाही हो इथे."

"मग वय झालंय असं लिहा."

त्यांनी लिहिलं. नंतर वही मिटून विचारलं, "मुलीबद्दल काही वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं," मित्सुए म्हणाली. "वाटू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवून काही होत नाही."

आणि तिनं सही केली. नावापुढे नातं लिहायचं होतं. तिनं 'आई' असं लिहिलं. इतक्या महिन्यांत तो शब्द तिनं स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच लिहिला होता.

चौदाव्या, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिनं रजा टाकली. कशासाठी, ते कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. सकाळी ठेवणीतला कोट घातला, दारात चांगले बूट काढून ठेवले, हातपिशवी भरली. कोर्ट असलेलं गाव बसनं दोन तासांवर. दहाची बस आली, ती खिडकीतून बघत राहिली आणि बस गेली. नंतरची एक वीसला. त्यानंतरच्या बसनं कोर्ट गाठणं शक्य नव्हतं.

अकरा वाजता दार वाजलं. चिहारु होती, कडेवर बाळ, मियो. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

मित्सुएला काय करू नि काय नको झालं. मियो परक्या घरात शिरताच भोकाड पसरून रडायला लागली. चिहारुनं थोपटलं, खुळखुळा वाजवला, काही उपयोग नाही.

"अगं, बाहेरची सगळी थंडी घेऊन आलीस की काय," मित्सुए सहज म्हणाली.

पोर थांबली. आवाजाकडे मान वळवून बघत राहिली. नऊ महिने आतून ऐकलेला आवाज लक्षात राहतो का, ते डॉक्टरांना विचारायला हवं. चिहारुनं ते पाहिलं. दारातले बूट आणि भरलेली पिशवीही पाहिली. मग ती आत येऊन बसली.

मित्सुएनं बाळासाठी मऊ भात शिजवला, मुलीसाठी शेवयांचं सूप केलं. मियो तिच्या मांडीवर बसून चमच्याशी खेळली. कितीतरी दिवसांनी मित्सुएला अंगातला शीण विसरायला झालं. मग तिच्या लक्षात आलं की चिहारु सारखी घड्याळाकडे बघतेय. बारा वाजता, पाऊण वाजता, एक वाजता. सूप तसंच गार झालं होतं. तेव्हा तिला कळलं की ही भेटायला आलेली नाही, राखणीला आली आहे.

तिनं मियोचं तोंड पुसलं आणि ती तशीच बसून राहिली.

एक वीसला खाली दुकानासमोर बस थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला, बस निघून गेली. चिहारुचे खांदे सैल पडले. तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"तू जाणार होतीस का गं?"

"माहीत नाही," मित्सुए म्हणाली. "दहाची सोडली होती. याहून जास्त विचारू नकोस."

चिहारु खूप वेळ रडली. मित्सुएनं तिला चहा करून दिला, ती गप्प झाल्यावर सूप गरम करून वाढलं आणि ते तिनं संपवलं. तीनच्या सुमाराला दोघींनी मिळून सामान आवरलं.

दारात मित्सुए मियोला म्हणाली, "जा आता. आजीला विसरू नकोस." चिहारुनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. घरात कोण कुणाचं कोण लागतं हे पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं गेलं होतं.

गाडीतल्या छोट्या खुर्चीत पट्टा लावताच मियो हात पसरून रडायला लागली. चिहारुनं मागे वळून समजावलं, गाणं म्हटलं, रडं वाढतच गेलं. काच अर्धी उघडी होती. पायरीवरून मित्सुए एक शब्द बोलली असती तरी पोर थांबली असती.

मित्सुएनं हात हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.